सायपायमधील काय-वर्ग चाचणी: हिशेब चोख, पण तोंडातून चकार शब्द नाही

दोन गुणधर्म परस्परांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत, हे कंटिंजन्सी टेबलवरून, म्हणजे दोन्ही गुणधर्मांच्या प्रत्येक जोडीत किती जण आले त्या मोजणीच्या तक्त्यावरून, तपासायचे असेल, तर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा वापरणारे बहुतेक जण तिच्यातील सायपाय या शास्त्रीय आकडेमोडीच्या लायब्ररीतील ‘काय-टू-कंटिंजन्सी’ या फंक्शनकडे वळतात. मीही ते नेहमी वापरतो. त्याच्या गणिताबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या मौनाबद्दल.

वापरायला ते सोपे आहे. मोजलेल्या संख्यांचा तक्ता दिला की चार गोष्टी हाती येतात: काय-वर्गाची (काय-स्क्वेअर) किंमत, म्हणजे निरीक्षित आणि अपेक्षित संख्यांतील एकूण तफावतीचे माप; पी-मूल्य, म्हणजे गुणधर्म स्वतंत्र असतानाही निव्वळ योगायोगाने निदान एवढी तफावत दिसण्याची शक्यता; डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे बेरजा ठरलेल्या असताना तक्त्यातील किती घरे मोकळेपणाने बदलू शकतात तो आकडा; आणि गुणधर्म स्वतंत्र असते तर आल्या असत्या त्या अपेक्षित संख्यांचा तक्ता. समजा, ५०-५० जणांच्या दोन गटांना एकच अर्ज वेगवेगळ्या सूचनांसह दिला आणि पहिल्या गटातील ३० जणांनी, तर दुसऱ्यातील १८ जणांनी तो पूर्ण भरला. हा तक्ता दिल्यावर काय-वर्ग सुमारे ४.८५ आणि पी-मूल्य ०.०२८ येते. कागदावर पीअरसनच्या १९०० सालच्या मूळ सूत्राने आकडेमोड करणाऱ्याला मात्र ५.७७ आणि ०.०१६ मिळतात. फरकाचे कारण असे की, डिग्री ऑफ फ्रीडम एकच असेल तेव्हा हे फंक्शन न सांगता येट्सची १९३४ सालची दुरुस्ती लावते, म्हणजे प्रत्येक निरीक्षित संख्या अपेक्षित संख्येकडे जास्तीत जास्त अर्ध्याने सरकवते. ‘करेक्शन’ हा पर्याय बंद केला की कागदावरचे उत्तर मिळते. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे, पण दस्तऐवज आधी वाचणारे किती, हा प्रश्न उरतोच.

खरा फटका मला वेगळ्याच ठिकाणी बसला. पांडाज या माहितीचे तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीतील ‘क्रॉसटॅब’ फंक्शनने तक्ता करताना वाचायला बरे म्हणून मी बेरजांची ओळ आणि स्तंभही मागवले होते, आणि तोच तक्ता तसाच चाचणीला दिला. फंक्शनच्या दृष्टीने तो तीन गुणिले तीनचा तक्ता झाला. गंमत अशी की बेरजांच्या घरांत निरीक्षित आणि अपेक्षित संख्या तंतोतंत सारख्याच येतात, त्यामुळे काय-वर्गात त्यांची काहीच भर पडत नाही. डिग्रीज ऑफ फ्रीडम मात्र एकावरून चारवर जातात. वरच्याच उदाहरणात हे केले, तर काय-वर्ग ५.७७ येतो आणि पी-मूल्य थेट ०.२१७. आकडा इतका साळसूद दिसतो की संशयही येत नाही. संख्यांऐवजी टक्केवारी दिली तरी हे फंक्शन ती निमूटपणे स्वीकारते, आणि एकच ओळ सपाट यादी म्हणून दिली तर काय-वर्ग शून्य आणि पी-मूल्य १ असे उत्तर शांतपणे हाती ठेवते.

अपेक्षित संख्या शून्य आली तर ते चूक दाखवून थांबते, हे खरे. पण ती पाचपेक्षा कमी असेल तेव्हा ‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रोग्रामिंग भाषेतील हीच चाचणी जसा इशारा देते, तसा इथे मिळत नाही, म्हणून चौथे उत्तर, म्हणजे अपेक्षित संख्यांचा तक्ता, उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावीच लागते. संख्या लहान असतील, तर त्याच लायब्ररीत फिशरची अचूक चाचणी आहे, आणि दोन गुणिले दोनच्या तक्त्यासाठी बार्नार्ड व बॉश्लू यांच्या चाचण्याही आहेत. त्या बाबतीत सायपायने हात आखडता घेतलेला नाही.

तीन मितींचा तक्ताही चालतो, परंतु तेव्हा तपासले जाते ते तिन्ही गुणधर्मांचे एकत्रित परस्पर स्वातंत्र्य. तिसरा गुणधर्म स्थिर ठेवून पहिल्या दोघांचा संबंध पाहायचा असेल, तर हे साधन त्यासाठी नाही.

संबंध किती बळकट आहे, हे पी-मूल्य सांगत नाही. त्यासाठी ‘असोसिएशन’ हे वेगळे फंक्शन बोलवावे लागते. आपल्या अर्जाच्या तक्त्यावर त्याने क्रामेरचा व्ही, म्हणजे शून्य ते एक या पट्टीवर संबंधाचे बळ मोजणारा आकडा, ०.२४ दिला. हा आकडा मूळ चाचणीच्या उत्तरातच पाचवा म्हणून मिळाला असता, तर मी आणखी एक तारा दिला असता. तूर्त पाचपैकी चार.