आठ महिने टच-अपवर: स्प्रे, कांडी, ब्रश आणि शेवटी पावडर

कलप लावला की दोन आठवडे सुखाचे जातात. तिसऱ्यात भांगातून पांढरी रेघ डोकावते आणि पाचव्यापर्यंत तिचा चांगला पट्टा होतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, कलप कितीही भारी असला तरी. पूर्वी मी दर तीन आठवड्यांनी मुळं रंगवायचे. मग टाळू कोरडी पडून चुरचुरायला लागली, तेव्हा ठरवलं की कलप सात आठवड्यांनीच लावायचा आणि मधले दिवस टच-अपवर, म्हणजे उघड्या पडलेल्या मुळांवर लावायच्या तात्पुरत्या रंगावर, काढायचे. त्याला आता आठ महिने झाले.

सुरुवातीला माझी एक चुकीची समजूत होती. मला वाटायचं, टच-अप म्हणजे सौम्य कलप. तसं मुळीच नाही. कायमचा कलप केसावरचे खवले उघडून आत शिरतो आणि रंग तिथे, केसाच्या आत तयार होतो. टच-अपचा रंग केसावर नुसता बसतो. डबीमागची यादी वाचली तर बहुतेक ठिकाणी आयर्न ऑक्साइड दिसेल: पिवळं, तांबडं, काळं. या तिघांच्या कमीजास्त मिश्रणातून तपकिरीच्या सगळ्या छटा निघतात. म्हणजे हा केसांचा मेकअप आहे. शाम्पूने धुतला की गेला, आणि घाम आला की मेकअपचं जे होतं तेच याचंही होतं.

पहिला आणला स्प्रे, कारण तो सगळ्यात सोपा वाटला. डबा हलवायचा, वीतभर अंतरावरून फवारायचं, मिनिटभरात काम संपलं. मी बहुधा चार बोटांवरून फवारला. भांग काळा झालाच, कपाळही झालं, आणि बेसिनच्या मागच्या टाइल्सवर बारीक ठिपके उठले ते वेगळेच. पुढे हात बसला. कपाळावर जाड कागद आडवा धरायचा, एका जागी न थांबता झरकन हात फिरवायचा. मोठा भाग झाकायचा असेल, पाचव्या-सहाव्या आठवड्यात सगळा भांग उघडा पडलेला असेल, तर स्प्रेला पर्याय नाही. पण केस किंचित ताठ होतात आणि नंतर कंगवा फिरवला की भुकटी झडते. शिवाय तो दाबाखालचा ज्वलनशील वायू आहे. खिडकी उघडायची, श्वास रोखायचा आणि आसपास पेटती ज्योत नको. डबा सहा आठवड्यांत संपतो तो निराळाच.

मेणाची कांडी मला जमली नाही. लिपस्टिकसारखी फिरवायची, पण केस एकमेकांना चिकटून त्यांच्या वाती होतात आणि दुपारपर्यंत तेलकट दिसायला लागतात. मस्कारासारखा ब्रश मात्र पर्समध्ये कायमचा राहिला आहे. कानशिलावर ताठ उभे राहणारे चार-पाच चुकार केस असतात ना, त्यांच्यासाठीच तो. वाळल्यावर त्याचा पातळ थर केसाला धरून ठेवतो, त्यामुळे केस झाकलाही जातो आणि बसतोही. भांगाला लावू नका, केस कडक होऊन दोऱ्यासारखे दिसतात.

आता पावडर. आयशॅडोसारखी छोटी डबी, झाकणात आरसा, आत स्पंजचा बोळा. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं होतं. पण ती केसांबरोबर टाळूवरही बसते, आणि इथेच तिची खरी गंमत आहे. भांग रुंद दिसतो तो पांढऱ्या केसांइतकाच मधल्या फिक्या टाळूमुळे. दोन्हींवर एकच छटा आली की नजर तिथे अडकत नाही. पद्धत अशी: केस पूर्ण कोरडे हवेत, तेल किंवा सीरम अजिबात नको, स्पंज घासायचा नाही, टिपत जायचं, आणि शेवटी स्वच्छ बोटाने कडा पुसट करायच्या. केस ओलसर असले की डाग पडल्यासारखे गोळे होतात. नीट लावलं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकतं. माझी डबी पाच महिने पुरली.

डाग पडतात का? पडतात. उशीचा अभ्रा, चष्म्याच्या काड्या, फोन कानाला लावला तर त्याची कड, पांढरी कॉलर. पावडर कपड्यावर सांडली तर आधी कोरडीच झटकायची. पाणी लागलं की ती धाग्यात मुरते. एकदा जिने चढून धापा टाकत मीटिंगला पोचले आणि समोरच्या बाईंनी न बोलता टिश्यू पुढे केला. कानशिलावरून तपकिरी ओघळ आला होता. तेव्हापासून घामाच्या दिवशी केसांच्या कडेला काही लावत नाही, फक्त भांग. झोपण्याआधी धुणं जमणार नसेल तर उशीवर जुना पंचा.

अ‍ॅलर्जीबद्दल एक सांगायलाच हवं. कायमच्या कलपातल्या पीपीडी या रंग तयार करणाऱ्या रसायनाने ज्यांना त्रास होतो, त्यांना असे वरवरचे रंग बहुधा सोयीचे पडतात. पण ‘टच-अप’ या नावाखाली दोन भाग कालवून लावायचे खरे कलपही विकले जातात. एका शाम्पूत जाईल असं लिहिलंय का ते बघा, घटकांची यादी वाचा, आणि आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस थांबा.

छटेचं गणित मला सगळ्यात उशिरा कळलं. केस काळे म्हणून मी काळीच डबी घेतली होती. उन्हात भांगावर बुटाचं पॉलिश फासल्यासारखं दिसायचं, कारण खरे केस कधीच इतके सपाट काळे नसतात. गडद तपकिरी आणली आणि प्रश्न मिटला, निदान मला तसं वाटलं. सहाव्या आठवड्यात पुन्हा काहीतरी खटकायला लागलं. पावडर तीच, हात तोच. खिडकीत उभं राहून आरशात पाहिलं तेव्हा उलगडा झाला: लांबीवरचा कलप उतरत चालला होता, केस तांबूस झाले होते आणि मुळांशी अजून तिसऱ्या आठवड्यातली छटा होती. आता दोन डब्या आहेत. पाचव्या आठवड्यापर्यंत गडद, त्यानंतर मध्यम तपकिरी. दुसरीच्या झाकणावर मी पेनाने ‘५+’ लिहून ठेवलंय, कारण सकाळच्या घाईत दोन्ही सारख्याच दिसतात.