तिसरी विमानवाहू नौका की आणखी पाणबुड्या? चिनी नौदल समोर ठेवून केलेली तुलना

शाळेत असताना मी जुन्या विक्रांतवर गेलो होतो. तेव्हा ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. डेकच्या टोकाला वर चढत गेलेला उतार होता. त्यावर उभं राहिलं की पुढे फक्त पाणी आणि आभाळ. १९७१ मध्ये चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवणारी विमानं याच डेकवरून उडाली होती हे कळल्यावर मी बराच वेळ तिथून हललो नव्हतो. २०१४ मध्ये ती लिलावात गेली आणि मुंबईत दारूखाना भागातल्या जहाजतोडणीच्या आवारात तिचे पत्रे निघाले. दारूखान्यापासून माझगाव डॉक ही जहाजबांधणी गोदी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि नेमक्या त्याच काळात डॉकमध्ये कलवरी वर्गाची पहिली पाणबुडी आकार घेत होती.

माझ्यासाठी हा वाद तिथून सुरू झाला. चीनचं नौदल हिंद महासागरात येऊन स्थिरावतं आहे. भारताकडचा पैसा मर्यादित आहे. मग तो विक्रमादित्य आणि नवी विक्रांत या आपल्या दोन विमानवाहू नौकांच्या जोडीला आणखी एका नौकेवर घालायचा की पाणबुड्यांवर? निर्णय दिल्लीत होणार असला तरी पैसा आपला आहे. एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांतल्या अधिकारी निवडीच्या, गटचर्चेची तयारी करणाऱ्या मुलांना हा प्रश्न हमखास भेटतो आणि करदात्यालाही यावर स्वतःचं मत असायला हवं. तसं मत बनवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

चीनने कोणत्या क्रमाने काय बांधलं

ही तुलना भारतापासून सुरू केली तर चुकते, म्हणून आधी १९९६ मध्ये जाऊ. तैवानच्या निवडणुकीच्या तोंडावर चीनने सामुद्रधुनीत क्षेपणास्त्रं डागली, तेव्हा अमेरिकेने ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘निमित्झ’ या दोन विमानवाहू नौकांचे ताफे तिकडे पाठवले. चीनकडे त्यांना अडवण्याचं काहीही साधन नव्हतं. ती बोच बीजिंग विसरलं नाही.

उत्तर म्हणून चीनने लगेच स्वतःची विमानवाहू नौका बांधायला घेतली नाही. आधी रशियाकडून किलो वर्गाच्या पाणबुड्या आणि जहाजभेदी क्षेपणास्त्रं असलेल्या विनाशिका घेतल्या, मग स्वतःच्या पाणबुड्या बांधल्या. त्यानंतर आलं सुमारे दीड हजार किलोमीटर पल्ल्याचं डीएफ-२१डी. चालत्या जहाजावर जमिनीवरून मारा करणारं हे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र आहे. त्याचा थोरला भाऊ डीएफ-२६ जवळजवळ चार हजार किलोमीटर जातो. म्हणजे दुसऱ्याचं जहाज आपल्या समुद्रात येऊच द्यायचं नाही, याची तजवीज आधी झाली.

नौदलाचे १९८२ ते १९८८ या काळातले प्रमुख लिउ हुआचिंग यांना विमानवाहू नौकेची आस होती. ते २०११ च्या जानेवारीत गेले; युक्रेनमधून आणलेल्या अर्धवट सांगाड्यावर उभी केलेली ‘लिआओनिंग’ २०१२ मध्ये दाखल झाली. नंतर २०१९ मध्ये ‘शांडोंग’ आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये विद्युतचुंबकीय कॅटापल्टची, म्हणजे विमानं डेकवरून वेगाने फेकणाऱ्या यंत्रणेची, ‘फुजिआन’. अमेरिकी संरक्षण खात्याच्या मोजणीप्रमाणे आज चीनकडे ३७० हून जास्त युद्धनौका आणि पाणबुड्या आहेत. संख्येने ते जगातलं सर्वांत मोठं नौदल आहे.

आकडा मोठा आहे, पण मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी दार लावलं, मग अंगण वाढवलं.

आता ते आपल्या अंगणापर्यंत आले आहेत. २००८ च्या डिसेंबरपासून चाचेविरोधी गस्तीच्या नावाखाली चिनी जहाजं एडनच्या आखातात सतत असतात. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोत लागली, २०१७ मध्ये जिबुतीत तळ उभा राहिला आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘युआन वांग ५’ हे टेहळणी जहाज हंबनटोटात आलं. पाकिस्तानसाठी चीन आठ पाणबुड्यांचा करार पुरा करतो आहे. त्यातल्या चार चीनमध्ये आणि चार कराचीत बांधायच्या असं ठरलं आहे. त्या वर्गाचं नाव ‘हँगोर’. ज्या पाकिस्तानी पाणबुडीने ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली, तिचं हे नाव आहे. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. हे नाव ज्यांनी मुद्दाम निवडलं, त्यांना ते आपण वाचणार हे ठाऊक होतं.

डेकची बाजू

विमानवाहू नौकेच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा असा, की हवेतून संरक्षण नसेल तर किनाऱ्यापासून दूर गेलेला कुठलाही ताफा उघडा पडतो. हवाई दलाचं विमान पुण्याहून किंवा तंजावरहून उडून मध्य हिंद महासागरात पोचेल, पण तिथे तासन् तास घिरट्या घालू शकणार नाही. डेक सोबत असेल तर विमानतळच सोबत असतो. शांततेच्या काळातही ही नौका दिसते. ती मालदीव किंवा मॉरिशसजवळून गेली की बातमी होते. पाणबुडी दिसली तर तिचं काम बिघडलं असं समजायचं.

शिवाय चीनची नौका इथे आली तर तिला स्वतःच्या किनाऱ्यावरच्या विमानांचं छत्र नसेल. आपल्याला असेल. या समुद्रात डेकविरुद्ध डेक ही लढत आपण हरू असं मानण्याचं कारण नाही, म्हणून डेकचा मुद्दा झटकून टाकता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झालेली नवी विक्रांत २६२ मीटर लांब आहे आणि तिच्यावर सुमारे सोळाशे माणसं असतात. एवढी मोठी वस्तू उपग्रहांच्या जमान्यात लपत नाही. ती एकटीही जात नाही. विनाशिका, फ्रिगेट, तेलवाहू जहाज आणि शक्यतो एक पाणबुडी तिच्या राखणीला लागते. ती गोदीत गेली की वर्षभर हातात काही नाही. दोन नौका असल्या तरी भरवशाने एकच समुद्रात असते, म्हणून नौदल तीन मागतं. माजी नौदलप्रमुख ॲडमिरल करमबीर सिंग यांनी ही मागणी उघडपणे लावून धरली. उलट पहिले संरक्षण दलप्रमुख जनरल बिपीन रावत यांचं म्हणणं होतं की आधी पाणबुड्यांचा खड्डा भरा, आणि बेटांवरच्या धावपट्ट्या वापरा.

बेटांचा पर्याय थोडक्यात सांगतो. ग्रेट निकोबारचं टोक सुमात्रापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि तिथे कॅम्पबेल बेला ‘आयएनएस बाज’ हा तळ आहे. बेट बुडत नाही हे खरं, पण ते हलतही नाही, त्यामुळे शत्रूला त्याचा पत्ता कायमचा माहीत असतो. टेहळणीसाठी उत्तम, लढाईचा सगळा भार त्यावर टाकू नये.

पाण्याखालची बाजू

कलवरी सुमारे ६७ मीटर लांब आहे आणि तिच्यावर चाळीस-पंचेचाळीस माणसं असतात. मलाक्का, सुंदा, लोम्बोक या अरुंद वाटांनीच चिनी ताफ्याला हिंद महासागरात यावं लागतं. त्या वाटांच्या अलीकडे दोन पाणबुड्या आहेत असा नुसता संशय आला, तरी पलीकडच्या ॲडमिरलला दहा जहाजं शोधाला लावावी लागतात.

याचा ताळा ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धात बघा. ब्रिटिश पाणबुडी ‘काँकरर’ने अर्जेंटिनाची युद्धनौका ‘जनरल बेलग्रानो’ बुडवली, ३२३ माणसं गेली, आणि त्यानंतर अर्जेंटिनाची विमानवाहू नौका बंदरात परतली ती बाहेर आलीच नाही. पण त्याच युद्धात ब्रिटनला बेटं परत घेता आली ती ‘हर्मिस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या दोन डेकमुळे. ही हर्मिस म्हणजे आपली विराट. १९८७ मध्ये ती भारतीय नौदलात आली आणि २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली. एकच युद्ध दोन्ही बाजूंनी साक्ष देतं. आपलं १९७१ सुद्धा तसंच: पूर्वेला विक्रांत, पश्चिमेला हँगोर. म्हणून एकच उदाहरण पुढे करून कुणी निकाल देत असेल तर त्याला दुसरं उदाहरण विचारा.

नव्या कलवरींपैकी एकीचं नाव ‘खांदेरी’ आहे, आणि ते मला मनापासून पटतं. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांची जहाजं मोठी होती, तोफा जास्त होत्या. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री त्यांना चुकवून बेटावर रसद पोचवत राहिल्या आणि किल्ला उभा राहिला.

पाणबुडीच्या मर्यादाही मोठ्या आहेत. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी पाण्याखाली फार काळ वेगाने पळू शकत नाही, आणि बॅटऱ्या भरायला तिला नळी पाण्याबाहेर काढावी लागते. मुंबईहून मलाक्कापर्यंत जाऊन तिथे दबा धरायचा तर बराच वेळ जाण्यायेण्यातच जातो. हवेवर अवलंबून नसलेली यंत्रणा, म्हणजे एआयपी, बसवली की ती दोनेक आठवडे खाली राहू शकते. ही यंत्रणा अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली, आणि ती कलवरी वर्गावर बसवण्याच्या कामाचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. पाकिस्तानच्या हँगोर मात्र एआयपी घेऊनच येणार आहेत.

लांबच्या पल्ल्याचं खरं उत्तर अणुऊर्जेवरची हल्लेखोर पाणबुडी. रशियाकडून भाड्याने घेतलेली ‘चक्र’ २०२१ मध्ये परत गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दोन पाणबुड्या देशात बांधायला मंजुरी मिळाली. चीनच्या भीतीने ऑस्ट्रेलियानेही २०२१ मध्ये फ्रेंच डिझेल पाणबुड्यांचा करार मोडून अणुपाणबुड्यांचा रस्ता धरला. जपानने ‘इझुमो’ आणि ‘कागा’ या नौकांचे डेक एफ-३५बी लढाऊ विमानांसाठी बदलायला घेतले. एकाच चिनी नौदलाला दोन देशांनी दोन उत्तरं दिली, कारण दोघांचे समुद्र वेगळे.

पैसा आणि हात

नव्या विक्रांतला सुमारे २० हजार कोटी रुपये लागले. तशीच आणखी एक बांधायची तर ४० हजार कोटींच्या आसपासचा अंदाज मांडला गेला आहे. पण रिकामा डेक कामाचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये नौकेवरून उडणाऱ्या २६ राफेल-एम लढाऊ विमानांचा करार झाला तो जवळपास ६३ हजार कोटींचा. जो कोणी तुम्हाला फक्त नौकेची किंमत सांगतो, तो निम्मासुद्धा हिशोब सांगत नाही.

सहा कलवरींच्या प्रकल्पाला सुमारे २३ हजार कोटी लागले. पुढच्या सहा पाणबुड्यांची निविदा २०२१ मध्ये निघाली तेव्हाच अंदाज ४० हजार कोटींच्या वर होता आणि तो पुढे वाढत गेला. पाणबुडीही स्वस्त नाही. आणि इथेही हत्याराशिवायचा हिशोब फसवतो: कलवरी २०१७ मध्ये दाखल झाली, पण तिच्यासाठी ठरवलेल्या जड टॉर्पेडोंचा व्यवहार २०१६ मध्येच रद्द झाला होता. नव्या टॉर्पेडोंच्या जोडणीचा करार व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला.

पैशापेक्षा मला हातांची काळजी जास्त वाटते. पाणबुडीच्या दाबसहनशील कवचाचं वेल्डिंग हे साधं काम नाही. एक सांधा कच्चा राहिला तर खोलवर गेल्यावर सगळे जातात. माझगाव डॉकने जर्मन तंत्रज्ञानावर ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ बांधल्या. शंकुल १९९४ मध्ये नौदलात गेली. मग व्यवहारातल्या गैरप्रकारांच्या आरोपांमुळे तो मार्गच बंद झाला. मुंबईत बांधलेली पुढची पाणबुडी नौदलाला मिळाली २०१७ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. शिकलेले वेल्डर निवृत्त झाले किंवा दुसरीकडे गेले आणि सगळं पुन्हा शिकावं लागलं. १९९९ च्या आराखड्यात २०३० पर्यंत २४ पाणबुड्या बांधायच्या होत्या. सहावी, ‘वाघशीर’, १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत दाखल झाली, आणि त्या दिवशी सातवीचा करार झालेला नव्हता. आणखी तीन कलवरींना जुलै २०२३ मध्येच तत्त्वतः मंजुरी मिळाली होती.

हाच मुद्दा विक्रांत बांधणाऱ्या कोचीच्या गोदीलाही लागू आहे हे मान्य करतो. विक्रांतचं पोलाद देशात तयार झालं आणि ती बांधणारे हातही रिकामे बसले तर विखुरतील.

मी कुठे येऊन थांबतो

आधी पाणबुड्या. त्यातही आधी चालू साच्यातल्या आणखी तीन, कारण साचा आणि माणसं दोन्ही अजून जागेवर आहेत. सोबत अणुपाणबुड्यांना हात आखडता न घेता पैसा. हे करताना विमानवाहू नौकेला नकार द्यायचा नाही. ‘तिसरी’ हा शब्दच फसवा आहे. विक्रमादित्य ही सोव्हिएत नौदलात १९८७ मध्ये आलेली नौका आहे. विक्रांत बांधायला २००९ ते २०२२ अशी तेरा वर्षं गेली. आज सुरुवात केली तरी नवी नौका येईपर्यंत विक्रमादित्य पन्नाशीला टेकेल. म्हणजे ती तिसरी नव्हेच, दुसरीची जागा घेणारी असेल, आणि म्हणून ती विक्रांतच्याच आकाराची हवी. ६५ हजार टनांच्या मोठ्या नौकेचा आग्रह मी आज धरणार नाही.

तुम्ही माझ्याशी असहमत असाल आणि भारतीय ताफा मलाक्काच्या पलीकडे, दक्षिण चीन समुद्राकडे कायम वावरावा असं तुमचं मत असेल, तर मोठ्या डेकची मागणी तर्काला धरून आहे. पण मग १९९६ मध्ये त्याच पाण्याजवळ आलेले दोन ताफे पाहून चीनने काय काय बांधलं, त्याला तोंड देण्याचा खर्चही त्याच कागदावर मांडा. माझा कागद अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर एवढ्यापुरता आहे. तिथे पुढची लढाई कधी झालीच, तर समोर पाण्याखाली हँगोर असेल.