प्लॅस्टिकची कवटी, बीडीएसचं (दंतवैद्यकाच्या पदवीचं) पहिलं वर्ष संपताना: मॅन्डिबलची, म्हणजे खालच्या जबड्याची, आतली बाजू बघितल्याशिवाय घेऊ नका

जबड्याची उजवी स्प्रिंग तुटली, म्हणून हे लिहायला बसले. मॉडेल नेहमीचंच: खऱ्या मापाची कवटी, वरची टोपी हुकांवर, खालचा जबडा दोन स्प्रिंगांवर. जळगावात तीन हजारांना घेतली.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "ताई, स्प्रिंगला वॉरंटी नसते, जबडा पूर्ण नवा घ्यावा लागेल." त्याचे सातशे! एवढ्याशा तारेसाठी सातशे रुपये मी देणार नव्हते. गोलाणी मार्केटमधल्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी जुन्या कॅसेट प्लेअरमधली बारीक स्प्रिंग काढून वीस रुपयांत बसवून दिली. तीच जास्त घट्ट आहे.

पण मधल्या काळात जबडा सुटा हातात होता आणि तेव्हा खरी गोष्ट दिसली. रॅमसच्या (जबड्याच्या मागच्या उभ्या भागाच्या) आतल्या बाजूला मॅन्डिबुलर फोरॅमेन, म्हणजे नस आत जायचं भोक, असायला हवं, त्याच्या जागी नुसता खड्डा आहे. काडी घातली, टाचणी घातली, आत काहीच जात नाही. बाहेरचं, हनुवटीजवळचं मेंटल फोरॅमेन मात्र छान कोरलेलं. इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह (खालच्या दातांची नस) आत शिरते ती रॅमसवरच्या आतल्या भोकातून, हाडातल्या कॅनॉलमधून दातांना फांद्या देत पुढे जाते आणि तिचीच एक फांदी मेंटलमधून बाहेर येते. खालच्या दाढा बधिर करायचं इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक, आम्ही पुढे आयुष्यभर देणार ते याच आतल्या भोकाच्या जरा वर. त्याच्या पुढच्या कडेला लिंग्युला हे हाडाचं टोक असतं, स्फिनोमॅन्डिब्युलर लिगामेंट (जबड्याला धरणारा एक बंध) तिथे चिकटतं. मॉडेलमध्ये तेही गुळगुळीत. दंतवैद्यकाच्या मुलांना विकायच्या कवटीत नेमकं हेच बुजवलेलं असावं, याचा मला अजून राग येतो.

बाकी 22 हाडं, त्यातली 8 क्रेनियमची (मेंदूभोवतीची) नि 14 चेहऱ्याची, मोजायला ती पुरते. ऑर्बिटची (डोळ्याच्या खोबणीची) 7 हाडं रेघांवरून ओळखता येतात, पण त्यातलं लॅक्रिमल इतकं लहान की त्याची रेघ पुसट झालीये. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर टोपी किंचित वाकते नि हूक बसत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा माठाशेजारी, जमिनीवर ठेवा.

एक मत मात्र बदललं. टोपीच्या आतले चर मला आधी उगाच कोरलेले वाटायचे. कानशिलावरच्या टेरिऑनजवळ, जिथे फ्रंटल, परायटल, टेम्पोरल आणि स्फिनॉइड ही हाडं भेटतात, तिथून मिडल मेनिन्जियल आर्टरीचा (मेंदूच्या आवरणाच्या धमनीचा) चर बोटाने वरपर्यंत धरून नेता येतो. डोक्याला बाजूने मार लागला की तिथलं पातळ हाड मोडून आतला रक्तस्राव का होतो, हे पुस्तकापेक्षा मला त्या चराने समजावलं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तोच प्रश्न आला, बोट आपोआप तिथे गेलं. एवढ्यासाठी पैसे वसूल.

आता डावी स्प्रिंगही मी काढून ठेवलीये. कॉन्डाइल (जबड्याचं वरचं गोल टोक) हाताने खळग्यात बसवून तोंड उघडलं की ते पुढे सरकतं कसं, हे जास्त नीट कळतं. स्प्रिंग जबडा मागेच खेचून धरते.

घेणाऱ्यांनी दुकानात उभं राहूनच जबडा काढायला लावा आणि आतल्या भोकात काडी घालून बघा. नाही गेली तर किमतीत हजार रुपये कमी करायला सांगा.