सीसीएनए हुकली: पॅकेट ट्रेसर की जुना स्विच?

नापास झाल्यावर पाच दिवस थांबून सीसीएनए, म्हणजे सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा, पुन्हा देता येते, पण आधी स्कोअर रिपोर्ट नीट बघा. आयपी कनेक्टिव्हिटीत, म्हणजे राउटिंगच्या भागात, मार खाल्लाय? त्या एका भागालाच २५ टक्के वजन. मग संगणकावरच लुटुपुटुचं नेटवर्क उभारू देणारा सिस्कोचा फुकटातला पॅकेट ट्रेसरच बरा. तीन-चार राउटर जोडा, ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायचा प्रोटोकॉल) लावा, मुद्दाम एका टोकाचा एरिया नंबर बदला आणि शेजारचा राउटर का जुळत नाही ते ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ या कमांडमध्ये हुडका.

सिस्कोचा सेकंडहँड २९६० स्विच घेतला तर कन्सोल केबल (स्विच थेट संगणकाला जोडणारी), पासवर्ड रिकव्हरी अंगवळणी पडते. नोकरीत ते कामी येतं. पण त्यावर ओएसपीएफ चालतच नाही, मग ते काय डोंबल शिकणार? वर पंख्याची घरघर घरच्यांनी सोसायची. त्यापेक्षा पैसे राखून ठेवा. दुसऱ्या खेपेलाही फी भरावी लागतेच.