सरकती शिट्टी, टाइपरायटर आणि बेंजो: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) माघापर्यंत विनोदी वाद्यवृंदाचा हा संच वाजवला. खानदेशातला उन्हाळा, पावसाळा आणि थंडी तिन्ही त्याने पाहिले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. मूळ वाद्ये अशी: एक बेंजो (कळा दाबून वाजवायचं तारवाद्य), कीबोर्ड, ऑक्टापॅड, ढोलकी, एक क्लॅरनेट, दोन ट्रम्पेट आणि एक युफोनियम (जाड आवाजाचं पितळी फुंकवाद्य). जोडीला विनोदाची पेटी. तिच्यात सरकती शिट्टी, रबरी फुग्याचे दोन भोंपू, कझू (पडदा लावलेली छोटी नळी), काचकागद लावलेले दोन लाकडी ठोकळे, भंगारातून उचललेला मराठी टाइपरायटर, हॉटेलच्या काउंटरवर असते तशी घंटी आणि घरातला मिक्सर. वरातीसाठी हा संच नाही. बसून ऐकणाऱ्या दोन-तीनशे माणसांसाठी आहे. अहिराणी झोक्याच्या गाण्याच्या चालीत मधेच पोल्का (युरोपी नाचाची चाल, अंगात घालायचं पोलकं नव्हे) घुसवायचा, आणि लावणीच्या अंगाने चाललेला बेंजो न सांगता वॉल्ट्झवर (तीन ठोक्यांच्या युरोपी नाचावर) न्यायचा, असा एकूण कारभार.

पहिली अडचण विनोदाची नव्हतीच, सुराची होती. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि फुंकवाद्यांचा सूर चढतो. हिशेबाने एका अंशाला सुमारे 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). फुंकर मुळातच कोमट असल्यामुळे प्रत्यक्षात चढ यापेक्षा कमी भरतो, पण 20 सेंट सहज होतो. बेंजोच्या तारांचं उलटं. त्या तापून सैल पडतात आणि उतरतात. म्हणजे ट्रम्पेट वर, बेंजो खाली, आणि कीबोर्ड 440 हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावर ढिम्म. लोकांना वाटतं हाच विनोद. वाजवणाऱ्यांच्या कानांची मात्र चाळण होते.

उपाय असा. कीबोर्ड 445 वर न्या, तो जवळजवळ 20 सेंट चढतो. बेंजो सावलीत अर्धा तास ठेवून त्याला मिळवा, उन्हात मिळवलेला टिकत नाही. ट्रम्पेट तरीही वर राहत असेल तर मुख्य स्लाइड (सरकती नळी) ओढा. 20 सेंट उतरवायला साधारण 8 मिलिमीटर लागतात. क्लॅरनेटचं बॅरल (तोंडाकडच्या भागाखालचा जोड) 2 मिलिमीटरपेक्षा जास्त ओढू नका. मधले सूर जास्त उतरतात, वरचे-खालचे कमी, आणि वाद्य स्वतःशीच भांडायला लागतं. हार्मोनियम मात्र या संचात घेऊ नये. तिच्या सुरपट्ट्या आयत्या वेळी हलवता येत नाहीत, आणि 440 ची पेटी व 445 चा ट्रम्पेट एकत्र वाजले की सेकंदाला पाच ठोके ऐकू येतात. डिसेंबरच्या पहाटे सगळं उलट होतं; तेव्हा पितळ काखेत धरून गरम करायचं, एवढंच.

सुरावर इतकं लिहिण्याचं कारण आहे. 20 सेंटची चूक ही चूक वाटते, अख्ख्या अर्ध्या स्वराची चूक विनोद वाटते. मधल्या जागेत हसू नाही. मोझार्टने 1787 साली अडाणी संगीतकारांची टर उडवणारी रचना लिहिली (के. 522). तिच्यात हॉर्नवाल्यांचे चुकीचे स्वर त्याने एकेक करून कागदावर उतरवले आहेत, आणि शेवटी वाद्यांना वेगवेगळ्या पट्ट्या देऊन सगळं कोसळवलं आहे. तसा शेवट आम्ही बेंजो पांढरी एक (C), क्लॅरनेट काळी एक (C#) आणि युफोनियम पांढरी दोन (D) असा बसवला. घोळ पट्ट्यांत झाला नाही, कानांत झाला. क्लॅरनेटवाल्याचे ओठ सवयीने शेजारच्या सुराकडे ओढले जातात आणि काळी एक हळूहळू खाली सरकते. मग कोसळणं ऐकू येत नाही, नुसती बेसूर कुरकुर ऐकू येते. प्रत्येकाने आपला स्वर एकट्याने, तंबोऱ्याच्या ॲपवर आपलीच पट्टी लावून घोटला आणि मगच एकत्र बसलो, तेव्हा जमलं. साध्या गाण्याच्या तिप्पट तालमी या सहा सेकंदांना लागल्या.

टाइपरायटर हा पेटीतला राजा. ऑर्केस्ट्रापुढे टाइपरायटर बसवणारी लेरॉय अँडरसनची रचना 1950 ची. त्याआधी 1917 साली एरिक सातीने बॅलेच्या संगीतात टाइपरायटर, भोंगा आणि पिस्तूल वापरलं होतं. बेंजोशी त्याची जोडी छान दिसते, कारण आपला बेंजो 1912 च्या जपानी ताइशोगोतोचा वंशज, आणि त्याच्याही कळा टाइपरायटरसारख्याच. अडचण एकच: वेगात वाजवलं की अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकतात. अँडरसनच्या वादकांनी केलं तेच करा. दोनच कळा चालू ठेवा, बाकीच्या दांड्या खालून सुतळीने बांधा. चालू ठेवायच्या दोन दांड्या एकमेकींपासून लांबच्या निवडा, उजव्या आणि डाव्या हाताला एकेक.

यंत्राच्या स्वतःच्या घंटीवर विसंबू नका. हिशेब कागदावर सुंदर बसतो: आठ मात्रांच्या केहरवा तालात मात्रेला दोन ठोके, आवर्तनाला 16, चार आवर्तनांना 64, समास (मार्जिन) असा लावायचा की 64 अक्षरांनंतर घंटी वाजेल. पण घाईत एक कळ अर्धी दाबली गेली की गाडा (कागद धरणारा सरकता भाग) सरकत नाही, आणि घंटी पुढच्या ठोक्यावर जाते. तिथून पुढे सगळं एका ठोक्याने लंगडं. म्हणून काउंटरची घंटी वेगळी ठेवा आणि ती वाजवायला दुसरा माणूस द्या. गाडा परत ओढण्याचा ‘खर्रर्र’ मात्र यंत्राचाच घ्या, त्याला पर्याय नाही. रबरी रूळ जुना होऊन दगडासारखा झाला असेल तर उत्तम, ठोका खणखणीत येतो. तीन कागद एकावर एक चढवले तर मऊ होतो. यंत्राखाली पोकळ लाकडी पेटी, आणि माईक आत नव्हे, पाठीमागे वीतभर अंतरावर.

सरकती शिट्टी स्वस्त, पण सगळ्यात जास्त शिकवून घेणारी. नळी एका टोकाला बंद, त्यामुळे 20 सेंटिमीटरला जो सूर मिळतो त्याच्या वरच्या सप्तकातला 10 ला. गोम अशी की दांडा सारख्या अंतराने सरकवून सूर सारखे चढत नाहीत. 20 कडचा पहिला अर्धा स्वर सुमारे 11 मिलिमीटरचा, 10 कडचा शेवटचा सुमारे 6 चा. दांड्यावर सप्तकाच्या खुणा करून घ्या. एरवी ‘घसरला, पडला’ एवढंच ती बोलते आणि दहा मिनिटांत लोक कंटाळतात. खुणांवर वाजवली तर झोक्याची अख्खी चाल निघते, आणि ती ऐकून हशा जास्त पिकतो. उन्हाळ्यात आतला वायसर सुकतो, हवा गळते, शिट्टी नुसती फुसफुसते. सायकल पंपाचा चामडी वायसर कापून, गोड्या तेलात रात्रभर भिजवून बसवला तर प्लास्टिकच्या मूळ वायसरपेक्षा जास्त टिकतो.

भोंपूबद्दल थोडक्यात. सूर चढवायला आतली पितळी पट्टी टोकाला घासा, उतरवायला बुडाशी. हार्मोनियमच्या सुरपट्टीचाच नियम. दोन्ही भोंपू सा आणि प ला मिळवा. दाबल्यावर तो लगेच बोलत नाही, म्हणून हात ठोक्याच्या किंचित आधी हवा. रबर उन्हात चिरतं, गाडीच्या टपावर ठेवू नका.

कझूत फुंकायचं नसतं, गुणगुणायचं असतं. नवे लोक फुंकतात आणि ‘बिघडनं का भो?’ विचारतात. पडदा ओलावला की आवाज बसतो, दोन ठेवा. काचकागद 80 नंबरचा, खिळ्यांनी कडेला ठोकलेला. पावसाळ्यात मऊ पडतो, दर दोन कार्यक्रमांनी बदला.

मिक्सर घेण्याची कल्पना संगीतकार माल्कम अर्नोल्डच्या 1956 च्या ओव्हर्चरवरून (एक ऑर्केस्ट्रा-रचना). त्यात तीन व्हॅक्युम क्लीनर आहेत. मिक्सरची मोटर मिनिटाला 18,000 फेऱ्यांच्या घरात फिरते, म्हणजे सेकंदाला 300. मूळ स्वर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी. जनरेटरवर व्होल्टेज पडलं की पूर्ण स्वराने खाली घसरतो. आधी हा दोष वाटला. आता ऑक्टापॅडवाला घसरगुंडीची वाट पाहतो आणि शिट्टीने तिला साथ देतो. मात्र एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही, आणि झाकण धरायला माणूस हवाच.

उघड्यावर न चालणारी गोष्ट म्हणजे संगीतकार हायडनची युक्ती. त्याच्या 94 व्या सिंफनीत दुसऱ्या भागात सगळं हळू चाललेलं असतं आणि एकदम धाडकन आघात येतो. बंद सभागृहात उत्तम. आपल्याकडे मैदानात हळू वाजवलं की ऐकू येतो फक्त जनरेटर. तिथे आवाज कमी करण्याऐवजी वाद्ये कमी करा: एकटा बेंजो, त्याच जोरात, चार आवर्तनं, मग सगळे.

ताल मिसळताना दादरा सहाचा आणि केहरवा आठचा एकत्र सोडला तर दोघे 24 मात्रांनी भेटतात, चार आवर्तनं आणि तीन आवर्तनं. गंमत त्या भेटीच्या समेवर टाका. सोंगाड्याचा शेवटचा शब्द ढोलकीच्या तोडीवर पडतो तसं. एक मात्रा आधी पडली तर अर्धे लोक हसतात, उरलेले अर्धे शेजाऱ्याला काय झालं ते विचारतात. ढोलकीवाल्याला भोंपू दिसेल अशी बैठक ठेवा.

पावरी (आदिवासींचं फुंकवाद्य) घ्यावी का, हे बरेच जण विचारतात, विशेषतः नंदुरबारकडून. घेऊ नये. डोंगऱ्या देवाच्या पूजेतलं ते वाद्य आहे, मिक्सरच्या शेजारी त्याला बसवू नये. शिवाय तिचा सूर तिचाच असतो, 445 ला आणता येत नाही. कानबाईच्या गाण्यांबाबतही तेच: चाल घ्यायची असेल तर झोक्याची घ्या, रोटांची (कानबाईच्या पूजेतली) नको.

सध्या पेटीत दोन वायसर, कझूचे चार पडदे, काचकागदाचे सहा तुकडे, सुतळी आणि घंटीची जादा स्प्रिंग असते. टाइपरायटरच्या गाड्याची पट्टी विरत आली आहे. बाजारात मिळत नाही, म्हणून छत्री दुरुस्त करणाऱ्याकडून जाड नाडी शिवून घेतली आहे. तीन कार्यक्रम झाले, अजून तुटलेली नाही.