विकास आराखड्याचं प्रशिक्षण: आकडेमोड पक्की, पोर्टलची बाजू लंगडी

'आमचा गाव, आमचा विकास' आराखड्यासाठी ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या प्रशिक्षणातला सर्वांत उपयोगी भाग निधीच्या वाटणीचा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, ठेवला: निम्मा स्वच्छतेला, निम्मा पाण्याला. उरलेला 40 टक्के अबंधित असला तरी त्यातून पगार किंवा आस्थापना खर्च करता येत नाही. हे फळ्यावर एकदा नीट मांडलं की सरपंचांच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात. प्रवीण प्रशिक्षक (मास्टर ट्रेनर) ही मांडणी छान करतात.

शाश्वत विकासाच्या 9 संकल्पनांवर मात्र गरजेपेक्षा जास्त वेळ जातो.

खरी अडचण ई-ग्रामस्वराज या आराखडा भरण्याच्या आणि पैसे देण्याच्या सरकारी पोर्टलवर येते आणि तिथे प्रशिक्षण तोकडं पडतं. आराखडा भरताना गटाराचं काम चुकून अबंधित निधीत टाकलं, तर बंधित पैसा पडून राहतो आणि रस्त्याला अबंधित निधी पुरत नाही. पैसे देताना दोन डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. त्यातल्या एकीची मुदत संपली, तर ठेकेदाराचं बिल अडकतं. म्हणून वर्गात प्रत्येक गावाचा खरा आराखडा उघडून एक काम तरी शेवटपर्यंत भरून घ्यायलाच हवं. स्लाइड दाखवून हे हाताला बसत नाही.

शिवारफेरी (गाव-शिवारात फिरून पाहणी) आणि महिला सभेचा सराव उत्तम. नवे सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी जरूर जावं, आणि एकत्रच जावं. सोबत मागच्या वर्षीचा आराखडा व अपूर्ण कामांची यादी न्यावी.