गिनी की कडकनाथ?
इंदूरजवळ सिमरोलकडे आमचं शेत आहे, सासरे आणि आम्ही दोघं तिथंच राहतो. शेतघर बांधलं की शहरातले नातलग हमखास विचारतात, मोकळ्या सोडायला गिनी (ठिपकेदार गिनी फाउल) घेऊ की कडकनाथ (काळ्या पिसांची, काळ्या मांसाची कोंबडी)? दोन्ही पाळून झाल्यात, म्हणून सांगते.

आधी आवाज. गिनी दिवसभर कलकलाट करते. मादीची हाक दोन सुरांची, नर एकाच सुरात कचकचतो. दिसायला दोघं सारखेच ठिपकेदार, त्यामुळे ओळखायचं ते कानानंच. मुंगूस, अनोळखी माणूस, गॅसची गाडी, काहीही दिसलं की सगळा थवा एकदम सुरू. सासऱ्यांना याचंच कौतुक. कुत्रा पाळायची गरजच पडली नाही. पण शेजारी हाकेच्या अंतरावर असेल तर गिनीचं नाव काढू नका.

गिनी अंडी घालते उन्हाळा-पावसाळ्यात, आणि तीही लपवून. गेल्या आषाढात कोळपताना ह्यांना सोयाबीनमध्ये एका खळग्यात 23 अंडी सापडली, दोन-तीन माद्यांची मिळून. अंडं लहान, पण कवच असं की वाटीच्या काठावर दोनदा आपटावं लागतं. कडकनाथचीही अंडी वर्षाला शंभरेकच, पण ती निदान खुराड्यात मिळतात. (अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं, पाहुणे दर वेळी हिरमुसतात.)

खरं दुखणं पिल्लांचं. गिनी आपली पिल्लं ओल्या गवतातून फिरवते आणि ती गारठून मरतात. पहिल्या श्रावणात 14 पैकी 3 उरली. आता अंडी खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवतो. तिची स्वतःची 21 दिवसांत फुटतात, गिनीची 26 ते 28, पण बिचारी बसून राहते. कडकनाथ क्वचितच बसते, म्हणजे गावठी दोन्हीकडे हवीच.

मेथीचा वाफा कडकनाथनं एका सकाळीत उकरला. गिनी किडे, टोळ टिपते, माती फारशी उकरत नाही. मात्र रात्री खुराडं सोडून निंबावर बसते, आणि मोठी विकत आणलेली गिनी दीड महिना कोंडली नाही तर परत येत नाही.

विकायचं असेल तर कडकनाथ. झाबुआचा पक्षी, 2018 मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालंय, इंदुरात गिऱ्हाईक चालून येतं. गिनीला ते शोधावं लागतं.

घरचं कुणी शेतावर राहत असेल तर आधी दोन गावठी कोंबड्या आणा, मग त्यांच्याखाली गिनीची अंडी. फक्त रविवारी येणार असाल, तर कडकनाथही नको.